बर्फाविषयीचं एक वाक्य

गेल्या फेब्रुवारीत, लाँग वीकेंडच्या रविवारी, सकाळी दहा ते सव्वादहाच्या दरम्यान माझ्या सासूबाई एका तळ्यावरचा बर्फ फुटून पाण्यात पडल्या. तळं कॅनडात, आम्ही राहतो त्या मिसिसागाच्या उत्तरेला, गाडीनं अडीच तासांवर आहे. त्यांना बाहेर काढायला पन्नास मिनिटं लागली. दुपारी बाराच्या सुमारास जवळच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी त्यांना मृत घोषित केलं. त्यांचं वय बहात्तर होतं.

त्या नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत. सासरे वारल्यावर आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. आमचा कॉन्डो चौदाव्या मजल्यावर आहे. नवरा वॉनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मी विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत ट्रकांच्या वेळा लावते, मुलगी आठवीत आहे. सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत सासूबाई घरात एकट्या असत. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीशी बसून उतरणारी विमानं पाहण्यात काढला. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात त्यांनी भाषांतर सुरू केलं.

मूळ कादंबरी एका अमेरिकन लेखकाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो अफाट खपत असे. कादंबरी आधी मासिकात क्रमशः यायची, मग पुस्तक निघायचं, आणि ते रेल्वे स्टेशनांवरच्या दुकानांत थप्प्या लावून विकलं जायचं. त्याच्या बहुतेक कथा कॅनडाच्या उत्तरेत घडतात. एक माणूस पळतो, दुसरा त्याच्या मागावर असतो, आणि दोघांच्या मध्ये बर्फ. आज त्याचं नाव कोणाला माहीत नाही; इथल्या लायब्ररीतल्या बाईंनीही ते दोनदा विचारून घेतलं. सासूबाईंनी ही कादंबरी शाळकरी वयात वाचली होती, नागपूरच्या मे महिन्यात, ओल्या वाळ्याच्या ताट्यांमागे बसून. "बाहेर लोक उष्माघातानं पडून राहिले होते आणि मी हातमोजे शोधून राहिली होती," असं त्या सांगत.

त्या हातानं लिहीत, दोनशे पानी वहीत, एक ओळ सोडून. रोज चार पानं. संध्याकाळी वही किटलीशेजारी ठेवलेली असे. सकाळी बसमध्ये मी ती वाचायची.

इथे येण्याआधी मी अकरा वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. आमच्या डेस्कचा एक नियम होता. मजकुरात शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि कागद परत पाठवायचा. उत्तर बातमीदारानं आणायचं. डेस्कनं स्वतः उत्तर भरायचं नाही, कारण मग बातमी कोणाची हे कळत नाही आणि बातमीदार आळशी होतो. सासूबाईंच्या वहीतही मी तेच केलं. पहिल्या आठवड्यात सोळा प्रश्नचिन्हं झाली.

"काय गं हे? वही आहे का शाळेचा निकाल?"

"तुम्हीच म्हणालात तपास म्हणून."

"तपास म्हटलं, फाशी दे नाही म्हटलं." मग चष्मा लावून त्यांनी पहिलं प्रश्नचिन्ह वाचलं. लेखकानं बर्फात चालायच्या जाळीदार बुटांचं वर्णन केलं होतं आणि सासूबाईंनी त्याला 'टेनिसच्या रॅकेटसारखे' असं लिहिलं होतं. "बरं, तू पाहिलेस का ते?"

"नाही."

"मग मी पाहून येते."

दुसऱ्या दिवशी त्या दोन बस बदलून एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेल्या. तिथे जाळीदार बूट भिंतीवर टांगलेले होते. विक्रेत्याला सांगून त्यांनी ते पायात घातले आणि दुकानातल्या गालिच्यावर चार पावलं चालून पाहिली. संध्याकाळी वहीत 'टेनिसच्या रॅकेटसारखे' खोडलेलं होतं. वर लिहिलं होतं: 'सुपासारखे, पण टोकाला निमुळते.' मी प्रश्नचिन्हावर बरोबरची खूण केली.

ही आमची पद्धत झाली. लेखक लिहितो की कुत्र्याच्या कानाच्या आत दाट केस असतात. सासूबाई पार्कमध्ये एका हस्कीच्या मालकाला थांबवून कुत्र्याच्या कानात बोट घालून आल्या. लेखक लिहितो की थंडीत लोखंडाला ओला हात चिकटतो. त्यांनी बाल्कनीच्या कठड्याला करंगळी लावून पाहिली. नवऱ्याला हे पटत नव्हतं.

"आई, सगळं यूट्यूबवर असतं. बघ ना तिथे."

"यूट्यूबवर तुझी बायको बरोबरची खूण देत नाही."

हे खरं होतं. व्हिडिओ हा सांगोवांगीचा पुरावा, असं मीच एकदा म्हटलं होतं.

डिसेंबरात, उणे चौदा तापमान असलेल्या एका दुपारी, मी ऑफिसातून लवकर घरी आले तेव्हा सासूबाई बाल्कनीत उभ्या होत्या. उजव्या हातात मोजा नव्हता. त्या हातात पेन होतं आणि डाव्या हातात मुलीचं स्टॉपवॉच. मी दार उघडलं तर म्हणाल्या, "थांब, थांब." पेन खाली पडलं. त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं.

"सव्वाचार मिनिटं. त्यानं दहा लिहून ठेवलेत. त्याचा माणूस दहा मिनिटं उघड्या हातानं चिठ्ठी लिहितो म्हणे. खोटारडा मेला."

आत आल्यावर त्यांना कपाचा कान धरता येईना. मुलगी म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट रिसर्च, दॅट्स जस्ट क्रेझी." सासूबाई हसल्या. मी त्यांचे हात कोमट पाण्यात धरले. बोटांची टोकं पांढरी होती, ती लाल व्हायला बराच वेळ लागला. त्या रात्री वहीत एक तळटीप आली: 'मूळ लेखकाने दहा मिनिटे लिहिले आहे. भाषांतरकर्तीच्या अनुभवानुसार हे शक्य नाही.' तळटीप चांगली होती. मी तसं सांगितलंही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तळ्याचं प्रकरण आलं. कादंबरीतला पळणारा माणूस गोठलेलं तळं ओलांडतो. सासूबाईंचं वाक्य असं होतं: 'काळ्या बर्फाखाली मृत्यू असतो, हे त्याला ठाऊक होते, म्हणून तो पांढऱ्या बर्फावरून, जिथे हिम साचून जमिनीसारखे घट्ट झाले होते तिथून चालला.'

मी वाक्याखाली रेघ मारली आणि समासात प्रश्नचिन्ह केलं. बस तेव्हा सिग्नलला थांबली होती. मी फोनवर शोधून पाहिलं. दोन मिनिटं लागली. काळा दिसणारा बर्फ म्हणजे स्वच्छ, घट्ट बर्फ. त्यातून खालचं पाणी दिसतं म्हणून तो काळा. पांढऱ्या बर्फात हवा आणि भिजलेलं हिम असतं, त्याची ताकद निम्मी धरावी असं तिथे लिहिलं होतं. वरून हिम साचलेलं असेल तर खालचा बर्फ नीट गोठतही नाही. लेखकानं नेमकं उलटं लिहिलं होतं.

मी प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं. उत्तर लिहिलं नाही.

सासूबाईंनी या प्रश्नचिन्हावर बरेच दिवस काढले. लायब्ररीतल्या बाईंनी त्यांना दुसऱ्या गावाहून एक पुस्तक मागवून दिलं. ते लेखकाचं चरित्र होतं, त्याच्याकडे टंकलेखनाचं काम करणाऱ्या बाईनं त्याच्या मृत्यूनंतर लिहिलेलं. सासूबाई जेवताना त्यातलं वाचून दाखवत. लेखक एका उबदार गावात राहायचा. त्याच्या घराला जाळीचा व्हरांडा होता. सकाळी नऊ ते बारा तो तिथे येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचा आणि ही बाई टाइप करायची. वादळाचं प्रकरण सांगताना तो कॉलर वर करायचा, असं तिनं लिहिलं होतं. वर्षाला दोन कादंबऱ्या. प्रकाशकाची तार आली की तिसरी.

"आणि हे ऐक," सासूबाई म्हणाल्या. "हा माणूस उत्तरेला एकदाच गेला. जुलैमध्ये! होडीत बसून, डास मारत. तिथला हिवाळा यानं पाहिलाच नाही. एक वाटाड्या होता, तो याला दर हिवाळ्यात पत्रं लिहायचा. कुत्रे कसे, वारा कसा, बर्फ कसा. त्यावर याच्या सगळ्या कादंबऱ्या."

"मग बर्फाचं त्यानं वाटाड्याच्या पत्रातून घेतलं असेल," नवरा म्हणाला.

"तेच तर. वाटाड्यानं काय लिहिलं होतं ते या टाइप करणाऱ्या बाईनं दिलं नाही. हिनं एवढंच लिहिलंय की लेखक सांगता सांगता कधीकधी गोष्टी फिरवायचा. वाचकाला काळा रंग म्हटला की भीती वाटते, असं म्हणायचा." त्यांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे फिरवलं असेल. किंवा नसेल. दोन्ही होऊ शकतं. काय गं?"

"होऊ शकतं," मी म्हटलं.

"त्या वाटाड्याचं पुढे काय झालं?" मुलीनं विचारलं. ती मराठीत विचारते तेव्हा तिला खरंच जाणून घ्यायचं असतं.

"एका वर्षी पत्र आलं नाही. एवढंच आहे."

लाँग वीकेंडला तळ्याकाठचं कॉटेज भाड्यानं घ्यायचं सासूबाईंनीच सुचवलं. नवऱ्याला आनंद झाला. आई घराबाहेर पडायचं म्हणते आहे, असं तो फोनवर त्याच्या बहिणीला सांगत होता. आम्ही शनिवारी दुपारी पोहोचलो. वाटेत ब्रॅम्पटनला किराणा घेतला. कॉटेजच्या वाटेवर गुडघाभर हिम होतं, नवऱ्यानं अर्धा तास ते फावड्यानं उपसलं तेव्हा दार उघडलं.

कॉटेजचा मालक शेजारीच राहत होता. सत्तरीतला, बोलायला मोजका. फ्रिजवर त्यानं सूचनांचा कागद लावला होता. शेकोटी कशी पेटवायची, कचरा कुठे ठेवायचा, आणि शेवटी: बर्फावर जाण्याआधी मला विचारा, ओढ्याच्या तोंडाशी कधीही जाऊ नका. सासूबाईंनी कागद पूर्ण वाचला. वर्गात वाचून दाखवावा तसा मोठ्यानं.

"ओढा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

नवऱ्यानं खिडकीतून पाहिलं. तळं, काठ, झाडं, सगळं एकसारखं पांढरं होतं. फक्त तळ्याच्या मध्यावर, वाऱ्यानं हिम उडालेल्या जागी, काळे पट्टे दिसत होते. "असेल कुठेतरी," तो म्हणाला. "तुला कुठे जायचंय?"

"कुठे नाही."

रात्रीच्या जेवणाला खिचडी आणि पापड होता. सासूबाईंनी वही आणली होती. ती टेबलाच्या कडेला होती.

"तुला माहीत आहे ना?" त्या मला म्हणाल्या.

"काय?"

"नाटक नको करूस. बर्फाचं. तुझ्या तोंडावरून कळतं. एकतीस वर्षं मुलींच्या तोंडाकडे पाहून कॉपी पकडली मी."

"माहीत असलं तरी सांगणार नाही. उत्तर तुम्ही आणायचं."

"बघ रे, तुझी बायको. सासूला गृहपाठ देते."

नवरा हसला. मीही हसले. मुलगी फोनवर होती. सासूबाईंनी पापडाचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "आणते."

रविवारी सकाळी नवरा साडेनऊला दूध आणायला गाडी घेऊन गेला. जवळचं दुकान वीस मिनिटांवर होतं. मी पोहे भिजवत होते. सासूबाईंनी मुलीचे हिवाळी बूट घातले, कारण त्यांचे स्वतःचे ओले होते. अंगात नवऱ्याचा जाड कोट होता.

"जरा काठापर्यंत जाऊन येते."

"मालकाला विचारायचंय ना आधी?"

"काठापर्यंतच गं."

मी कांदा चिरत होते. दार लागलं तेव्हा ओव्हनच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

दहा वाजून पाच मिनिटांनी मुलगी खिडकीशी आली आणि म्हणाली, "ममा, आजी इज ऑन द लेक. लाइक, वे आउट." मी पाहिलं. त्या काळ्या पट्ट्याच्या कडेला उभ्या होत्या, पाठ आमच्याकडे. खाली वाकून पाहत होत्या. अंतर शंभर पावलांपेक्षा जास्त होतं. मी बाल्कनीत जाऊन हाक मारली. वारा आमच्या तोंडावर येत होता. त्या वळल्या नाहीत. त्यांनी एक पाय काळ्या बर्फाकडे पुढे केला आणि मागे घेतला. मग त्या डावीकडे वळून कडेकडेनं, हिमावरून चालू लागल्या.

मी बूट घालायला आत आले. लेस बांधल्या नाहीत. पुन्हा बाहेर आले तेव्हा तळ्यावर कोणी नव्हतं.

मी काठापर्यंत पळाले आणि बर्फावर उतरले. मालक त्याच्या घरातून बाहेर आला होता. त्यानं मला दंडाला धरून मागे ओढलं आणि धरून ठेवलं. दुसऱ्या हातानं तो फोन करत होता. मुलगी बाल्कनीत उभी होती. ती काय ओरडत होती ते मला कळलं नाही. अग्निशमन दलाची गाडी अठरा मिनिटांत आली. दोन माणसं नारिंगी पोशाखात, पोटावर सरपटत गेली. नवऱ्याची गाडी त्यांच्या गाडीमागे येऊन थांबली. त्याच्या हातात दुधाची पिशवी होती.

पावलांचे ठसे स्पष्ट होते. दलाच्या प्रमुखानं ते नवऱ्याला आणि मला दाखवले. काठापासून काळ्या पट्ट्यापर्यंत सरळ रेघ. तिथे बराच वेळ उभं राहिल्याच्या खुणा, हिम तुडवलेलं. काळ्या बर्फावर एकही ठसा नाही. मग डावीकडे, कडेला धरून, पांढऱ्यावरून चौतीस पावलं. चौतिसाव्या पावलापुढे भोक. ओढ्याच्या तोंडातून येणारा प्रवाह बर्फाखालून तिथूनच वाहत होता. प्रमुख म्हणाला की काळ्या पट्ट्यावर त्यानं मोजलेला बर्फ नऊ इंच होता, त्यावरून गाडी नेऊ नये, पण माणसं नक्की गेली असती. भोकाच्या कडेला दीड इंच बर्फ होता आणि त्यावर भिजलेलं हिम.

नवऱ्यानं विचारलं, "मग ती तिकडे का वळली?"

प्रमुख म्हणाला की पांढरं असलं की लोकांना जमीन वाटते.

दुपारी दीड वाजता हॉस्पिटलच्या बाहेरच्या खोलीत एका पोलीस अधिकाऱ्यानं आमचे जबाब घेतले. तो तरुण होता, हळू बोलत होता, प्रत्येक प्रश्नाआधी माफी मागत होता. नवरा माझ्या शेजारी बसला होता. मुलगी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून होती. अधिकाऱ्यानं विचारलं, त्यांना विस्मरण होत असे का? नाही. त्या निराश होत्या का? नाही. पोहता येत होतं का? नाही. बर्फावर जाण्यामागे काही विशेष कारण होतं का?

हा प्रश्न त्यानं मला विचारला, कारण शेवटचं बोलणं माझ्याशी झालं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "त्यांना चालायला आवडायचं."

त्यानं ते लिहून घेतलं.

तीन वाजता मी कपडे आणायला कॉटेजवर गेले. पोहे भांड्यात तसेच होते. टेबलावर वही उघडी होती. त्या सकाळी त्यांनी प्रश्नचिन्हाच्या शेजारी पेन्सिलनं एक शब्द लिहिला होता: 'आज'. मी वही मिटून मुलीच्या दप्तरात पुस्तकांच्या मध्ये ठेवली. चार वाजता अधिकारी कॉटेज पाहायला आला. त्यानं फ्रिजवरच्या कागदाचा फोटो घेतला, सासूबाईंच्या ओल्या बुटांची जोडी पाहिली, दारापासूनचं अंतर मोजलं.

अंत्यसंस्कार गुरुवारी झाले. नवऱ्याची बहीण नागपूरहून येऊ शकली नाही. तिनं फोनवर पाहिलं. मार्चमध्ये लेखकाचं चरित्र परत करा म्हणून लायब्ररीचं स्मरणपत्र आलं. मी ते परत केलं. सासूबाईंनी त्यात खूण म्हणून बसचं तिकीट ठेवलं होतं, ते चरित्राच्या शेवटून तिसऱ्या पानावर होतं. त्या पानावर टंकलेखिका लिहिते की म्हातारपणी लेखक हिवाळ्यात घराबाहेर पडत नसे, आणि वाचकांची पत्रं तिनंच उघडावीत असा त्याचा आग्रह होता. त्यातली काही तिनं त्याला वाचून दाखवली नाहीत. कोणती, ते ती सांगत नाही.

आकस्मिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कार्यालयाचा अहवाल मे महिन्यात टपालानं आला. तो दीड पानाचा आहे. वेळा बरोबर आहेत. बर्फाची दोन्ही मोजमापं बरोबर आहेत. मृत्यूचं कारण बुडणं, प्रकार अपघात. सहाव्या परिच्छेदात लिहिलं आहे की मृत व्यक्ती बर्फावर का गेली याचं कारण कुटुंबाला माहीत नाही.

नवऱ्यानं अहवाल वाचला आणि कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवला. शेवटच्या ओळीखाली, मजकुरात चूक आढळल्यास कळवण्यासाठी, एक फोन नंबर दिला आहे. आज ऑक्टोबरची नऊ तारीख आहे. त्या नंबरवर आमच्या घरातून फोन गेलेला नाही.